सावडीचे तीन दिवस

पौडला व्याह्याचा, लेकीच्या सासऱ्याचा, मोडलेला पाय बघून कोंडाजी आपल्या गावी, माणला परत निघाला होता. घोटावडे फाट्यावर एसटी सोडून तो सहा आसनी रिक्षात बसला आणि भऱ्याच्या शिवारात रिक्षाचं मागचं चाक पंक्चर झालं. ड्रायव्हर म्हणाला, "उतरा मंडळी, अर्धा तास जाईल." उतारू मोबाईल काढून झाडाखाली उभे राहिले. कोंडाजी रस्ता उतरून जवळच्या बांधावर जाऊन टेकला.

समोर भाताचं खाचर होतं. दिवाळी होऊन आठ दिवस झालेले. भात पिकून पिवळंधमक झालं होतं आणि वाऱ्यानं निम्मं आडवं झोपलं होतं. एक नवरा-बायको वाकून कापत होती. गडी साठीचा, बाई त्याच्याहून जरा लहान. दोघंच. आणि खाचरं बघावीत तर एकाखाली एक अशी पाच. कोंडाजीनं मावळतीकडं पाहिलं. डोंगराच्या माथ्यावर ढग धरत होते.

"दोघंच?" त्यानं बसल्या जागेवरून हाळी दिली.

गडी कमरेवर हात देऊन सरळ झाला. "आनखी कोन येनार? समदी मानसं पिरंगुटाच्या कंपन्यांत. आमचा पोरगा कौस्तुभबी तितंच. सुट्टी मागितली तर दीनात."

"आडवं झालंय. वरनं पानी आलं तर लोंब्यांना मोड फुटतील."

"ते मला कळतंय, पाव्हनं," गडी म्हणाला आणि परत वाकला.

कोंडाजी बघत राहिला. बाईचा डावा हात भाताची मूठ धरायचा, उजवा इळा ओढायचा. मूठ, इळा, मूठ, इळा. आपला डावा हात मांडीवर आपोआप मिटतोय, उघडतोय, हे त्याच्या थोड्या वेळानं ध्यानात आलं. त्यानं चपला काढून बांधावर ठेवल्या. कडक इस्त्रीचा लेंगा गुडघ्यापर्यंत दुमडला, टोपी खिशात घातली.

"जादा इळा हाय का?"

बाई म्हणाली, "अवं, कशाला पाव्हनं? कापडं खराब हुतील."

"हुं द्या."

रिक्षाचं चाक बसवून झालं, ड्रायव्हरनं दोनदा हॉर्न वाजवला. कोंडाजीनं मान वर न करता हातानंच जा म्हणून सांगितलं.

कोंडाजी सदुसष्ट वर्षांचा. बारा वर्षांमागं त्याची जमीन गेली. निम्मी आयटी पार्कात, निम्मी बिल्डरला. उरलेल्या जागेवर शेखरनं, त्याच्या पोरानं, तीन मजली इमारत उठवली. अठरा खोल्या, सगळ्या भाड्यानं. घरात काही कमी नव्हतं. कोंडाजी सकाळी गेटापाशी प्लास्टिकच्या खुर्चीत बसायचा, ऊन वर आलं की खुर्ची जिन्याखाली ओढायचा, कललं की परत गेटात. भाडेकरू पोरं-पोरी येता-जाता "काय काका" म्हणायची. एवढाच त्याचा दिवस.

पहिल्या घटकेत तो घामानं निथळला. पात, म्हणजे कापायची ओळ, धरली होती बाईच्या बरोबरीनं, पण दहा हातांवरच ती पुढं गेली. पाठीत कळ भरली. जुना हात आहे, चालेल, असं वाटलं होतं; हात चालतही होता, पण हाताला अंगाची साथ नव्हती. तेवढ्यात इळा करंगळीवर बसला. बाईनं धावत येऊन लुगड्याच्या चिंधीनं बोट बांधलं.

"दादा, तुमी पेंढ्या बांधा. पात आमी धरतो," ती म्हणाली.

साधंच बोलली. पण कोंडाजीचं तोंड उतरलं. पेंढ्या बांधायचं काम माणात म्हाताऱ्यांना द्यायचे. त्याचा बाप शेवटच्या दोन वर्षांत बांधायचा. तो गुमान पेंढ्या बांधायला बसला. भाताच्याच चार काड्यांचा पीळ घालायचा, पेंढी उचलून गुडघ्याखाली दाबायची आणि पीळ आवळून खोचायचा. हे मात्र बोटं विसरली नव्हती.

पेंढीगणिक त्याला माण आठवत गेलं. हल्लीचं नव्हे. ओढ्याकडंचं खाचर, जांभळीचं खाचर, आणि सगळ्यांत खाली लांबडं खाचर. कापणीला सावड असायची. आज सगळ्यांनी तुझ्या वावरात, उद्या सगळ्यांनी माझ्या. चाळीस चाळीस माणसं एका ओळीनं वाकायची. कुणी कुणाला पैसा द्यायचा नाही. दुपारी बांधावर भाकरी, सुकटीची चटणी आणि कांदा. रंभा नवी नवरी होती तेव्हा तिची पात सगळ्या बायांच्या पुढं निघायची आणि त्याची आई लटकीच रागवायची, "हळू गं, वावर काय पळून चाललंय?"

वावर खरंच गेलं. लांबड्या खाचरावर आता काचेची सात मजली इमारत होती.

दिवस कलला तसं गड्यानं इळा बांधात खोचला. त्याचं नाव विठ्ठलराव, बाईचं शारदा, हे एव्हाना बोलण्यात कळलं होतं; कोंडाजीची जमीन गेल्याचं त्यांनाही कळलं होतं. विठ्ठलराव सदऱ्याच्या खिशात हात घालत जवळ आला.

"घ्या. रोजगार."

"न्हाई न्हाई," कोंडाजी मागं सरला. "पैशापायी न्हाई आलो."

"फुकाट कसं घ्यावं आमी?"

"फुकाट न्हाई. सावड समजा."

शारदा लोट्यातल्या पाण्यानं हात धूत होती. ती मान वर करून म्हणाली, "सावड कशी हुईल, दादा? सावडीला सावड लागती. तुमच्याकडं आमी काय कापायला येनार? वावर कुटं ऱ्हायलंय तुमाला?"

"अगं ए," विठ्ठलराव म्हणाला.

पण बोलून गेलं ते गेलं. कोंडाजी चपलांत पाय घालायला लागला, तर पायाला चिखल, पाय आत जाईना. चपला हातातच घेऊन तो रस्त्याला लागला. चार पावलांवर थांबून मागं न बघताच म्हणाला, "उद्या येतो."

घरी दारातच शेखर भेटला. "आप्पा, किती उशीर? फोन तरी उचलायचा."

"व्याह्यानं बसवून घेतलं," कोंडाजी म्हणाला आणि करंगळी मुठीत लपवून आत गेला.

रंभाबाई आतल्या खोलीत पलंगावर बसली होती. दोन्ही गुडघ्यांची आपरेशनं झालेली, काठीबिगर चालणं नाही. कोंडाजी जवळून गेला तशी तिनं त्याचा सदरा धरला, नाकाजवळ नेला आणि तशीच बसून राहिली.

"इंद्रायनी भात," ती म्हणाली.

"व्हय."

"कुटं?"

"भऱ्यात. सूनबाईला सांगू नगंस."

तिनं त्याचा हात ओढून घेतला, चिंधी सोडली, जखमेत हळद दाबली. तळव्यावर तीन फोड आले होते. त्यावरनं बोट फिरवत म्हणाली, "बायकी झालेत हात." मग, "पात कुनाची फुडं हुती?"

"तिची. शारदाची."

"माज्या तरी फुडं गेली नसती," रंभाबाई म्हणाली.

सकाळी तिनं सुनेला, सायलीला, चार भाकरी जास्त थापायला लावल्या. म्हणाली, "ह्यांना पौडला व्याह्याकडं न्ह्यायच्यात." माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीतला जुना इळा कोंडाजीनं आदल्या रात्रीच उतरवून घासला होता.

दुसऱ्या दिवशी त्यानं पात धरली ती सोडली नाही. मागं राहिला, पण राहिला. दुपारी तिघं बांधावर जेवायला बसली. शारदानं त्याच्या फडक्यातली भाकरी मोडून बघितली. "चांगली फुगवलीया. सून तुमची?"

"सून. पुन्याची हाय, पन शिकली."

विठ्ठलराव भाकरीचा घास हातात धरून म्हणाला, "पाव्हनं, रागावू नका, पन इचारतो. आमाला काय, कापलं न्हाई तर खायाला न्हाई. म्हनून राबतो. उद्या माजी जमीन गेली अन् पैसा आला, तर मी परत वाकायचो न्हाई. खाटंवर पडीन. शपथ."

"पडा. म्हैनाभर पडा," कोंडाजी म्हणाला. "लई ग्वाड वाटतं. मीबी पडलोतो."

"मग?"

 कोंडाजी कांदा फोडत बसला. "मग उगाच सकाळी जाग येती बघा," एवढंच म्हणाला.

संध्याकाळी जिन्यात त्याला निरंजन भेटला. तिसऱ्या मजल्यावरचा भाडेकरू, लातूरकडचा, कंपनीत कॉम्प्युटरवर काम करायचा. कोंडाजीच्या डोक्यातल्या भाताच्या काड्या बघून तो हसला. "काका, शेतात? तुमचं तर शेत नाही ना?"

"दुसऱ्याचं."

"मजुरी घेता?"

"न्हाई."

निरंजन पायरीवर थांबला. "मी तर दिवस मोजतोय. अजून आठ वर्षं. तेवढे पैसे साठले की राजीनामा. परत लॅपटॉपला हात लावायचा नाही."

"अन् काय करशीला?"

"झोपेन."

"झोपून उठल्यावर?"

निरंजन हसत हसत विचारात पडला. "गावाकडं आजोबांचा लाकडाचा कारखाना होता काका. खुर्च्या करायचे. मी लहान असताना त्यांच्याजवळ बसून रंधा मारायचो…" बोलता बोलता त्याचा फोन वाजला आणि तो "येस, येस सर" करत वर गेला. कोंडाजी त्याच्या पाठीकडं बघत राहिला.

तिसऱ्या दिवशी दुपारी दोन-अडीचला रस्त्यावर पांढरी गाडी थांबली. शेखर उतरला. पायात बूट, डोळ्याला गॉगल. बांधाच्या अलीकडंच थांबून त्यानं हाक मारली.

"आप्पा!"

कोंडाजी पेंढ्यांचा भारा आवळत होता. "आलोच. एवढे न्हेतो खळ्यात."

"आलोच काय? चला आधी." शेखरनं फोन पुढं केला. "हे बघा. आपल्या गावातल्या दिग्विजयनं फोटो काढलाय येता-जाता. ग्रुपवर टाकलाय. खाली लिहिलंय, शेखरशेठचे वडील रोजंदारीवर. अख्खा माण हसतोय."

कोंडाजीनं डोळे बारीक करून फोटो पाहिला. वाकलेली पाठ, ढुंगणावर चिखल. "चांगला आलाय की," तो म्हणाला.

"चेष्टा नका करू. मी काय कमी केलं तुम्हाला? सांगा ना. काय पाहिजे ते आणून देतो."

विठ्ठलराव आणि शारदा काम थांबवून उभी राहिली होती. परक्याच्या घरची बोलणी ऐकावी लागतायत म्हणून शारदानं पदर तोंडाला लावला होता. कोंडाजीला त्या दोघांसमोर पोराचा आवाज चढलेला सोसवेना. पण त्यानं आपला आवाज खालीच ठेवला.

"तू कमी केलं न्हाईस रं, बाळा. लई दिलंस. पन बघ, मी तितं खुर्चीवर बसलो काय, न बसलो काय, कुनाचं काय आडतं? हितं मी न्हाई आलो तर ह्यांची एक पात ऱ्हाती."

 शेखर विठ्ठलरावाकडं वळला. "काका, तुम्हाला माणसं हवीत ना? उद्या माझ्या साईटवरची चार पोरं पाठवतो. बिहारी आहेत, कामाला वाघ. त्यांचे पैसे मी देतो. पण ह्यांना सोडा."

"मी धरून न्हाई ठिवलं त्यांना, साहेब," विठ्ठलराव म्हणाला. "अन् उद्या कुटला? जरा मागं वळून बगा."

शेखर वळला. डोंगर दिसत नव्हता. तिकडून काळं आभाळ खाली उतरत येत होतं आणि वारा एकाएकी गार झाला होता.

मग बोलायला कुणाला सवडच राहिली नाही. तीन खाचरांचं कापलेलं भात अजून उघड्यावर होतं. कोंडाजीनं डोक्यावर भारा घेतला. खळ्यापर्यंत पन्नास-साठ पावलं, मध्ये दोन बांध. पहिल्या भाऱ्याला मान आत गेल्यासारखी झाली. दुसऱ्याला बांध चढताना एक हात जमिनीला टेकावा लागला. तिसऱ्याला बांधावरून पाय घसरला आणि तो भाऱ्यासकट चिखलात बसला. विठ्ठलराव धावला, पण कोंडाजीनं आधी पेंढ्या वर धरल्या. "मला न्हाई झालं. ह्या बगा, भिजल्यात का?"

शेखर बांधावरून हे बघत होता. त्यानं एकदा गाडीकडं पाहिलं, एकदा बुटांकडं. मग तसाच बुटांसकट चिखलात उतरला. भारा उचलायला त्याला जमलं नाही. डोक्यावर घेताच सुटून विस्कटला. शारदा ओरडली, "तुमी ऱ्हाऊ द्या, साहेब! ती ताडपत्री धरा!" तो ताडपत्रीकडं पळाला. वाऱ्यानं ती फुगून हातातून सुटत होती. एक टोक विठ्ठलरावानं दगडाखाली दाबलं, दुसऱ्यावर शारदा बसली, तिसरं कोंडाजीनं धरलं आणि चौथं शेखरनं. ताडपत्री ताणून खाली बसते न बसते तोच टपोरे थेंब आले, आणि मग धारा.

चौघं गोठ्यात उभी राहिली. पत्र्यावर पाऊस बडवत होता. म्हशीच्या अंगाची ऊब येत होती. शेखरच्या बुटांतून पाणी निथळत होतं, त्याचा गॉगल कुठंतरी पडला होता. शारदानं चुलीवर कोरा चहा केला. शेखरनं पेला दोन्ही हातांत धरला, तेव्हा त्याचे तळवे ताडपत्रीच्या दोरीनं लाल झालेले कोंडाजीनं पाहिले. 

विठ्ठलराव दाराशी उभं राहून पावसाकडं बघत होता. खालचं खाचर उभंच राहिलं होतं, ते आता लोळणार होतं. पण चार खाचरांचं भात ताडपत्रीखाली कोरडं होतं. तो हिशेबानं मान हलवत वळला.

"पाव्हनं, तुमी पैसं घेनार न्हाई?"

"न्हाई."

"बरं. मग सावडच. सावड म्हनलं की फेडाया यावं लागंल. आमी येनार."

"या की," कोंडाजी म्हणाला. बोलायची रीत म्हणून म्हणाला.

बाप-लेक गाडीतून निघाले. माणच्या वेशीत आल्यावर शेखर म्हणाला, "पाठ शेकून घ्या रात्री." मग, "आजोबा असाच भारा न्यायचे का?"

"दोन न्यायाचं," कोंडाजी म्हणाला. "येका वक्ताला."

भात झोडून, वारवून कणगीत पडायला दहाबारा दिवस गेले असतील. एका रविवारी सकाळी माणात, कोंडाजीच्या गेटापुढं मोटरसायकल थांबली. पुढं विठ्ठलराव, मागं शारदा, दोघांच्या मध्ये फडक्यात गुंडाळलेली कुदळ आणि घमेलं.

"आलो," विठ्ठलराव उतरत म्हणाला. "काय काम हाय ते सांगा."

कोंडाजी खुर्चीतून उठून उभाच राहिला. शेखर बाहेर आला, सायली आली. "या काका, या मावशी. चहा घ्या, नाश्ता करून जा," शेखर म्हणाला.

"चा घिऊ. पन आमी बसाया न्हाई आलो. सावड हाय. काम सांगा."

कोंडाजीनं चौफेर पाहिलं. गेटापासून जिन्यापर्यंत सिमेंटचे ठोकळे बसवलेले. झाडायला बाई यायची, टाक्या धुवायला माणूस यायचा. एवढ्या मोठ्या घरात एका दिवसाचं काम त्याला सापडेना.  ज्याच्या वावरात कधी काळी चाळीस माणसं कापायला यायची, त्याच्या दारात दोन माणसं काम मागत उभी होती आणि त्याच्यापाशी द्यायला काम नव्हतं.

रंभाबाई काठी टेकत दारात आली होती. तिनं शारदाला नीट न्याहाळलं. मग म्हणाली, "इमारतीच्या मागं काय पडलंय ते बगितलंय का कुनी? दहा वर्सं झाली."

मागं म्हणजे इमारत आणि कंपाउंडची भिंत यांच्या मधली पट्टी. बांधकामाचा सगळा राडारोडा तिथंच टाकलेला. विटांचे तुकडे, फरशीच्या कपच्या, वाळलेल्या सिमेंटच्या गोण्या, आणि त्यावर घाणेरीचं रान. शेखर म्हणाला, "तिथं पार्किंग करायचं चाललं होतं."

"मग आधी साफ नगं करायला?" रंभाबाई म्हणाली.

विठ्ठलरावानं फडक्यातून कुदळ सोडली.

दिवसभर ते काम चाललं. विठ्ठलराव उकरायचा, कोंडाजी विटा वेचून भिंतीशी रचायचा, शारदा घमेली भरायची. रंभाबाई स्टुलावर बसून खडे वेगळे करत होती आणि शारदाशी बोलत होती. कुणाच्या लावणीला कोण आजारी पडली, कुणाच्या झोडणीत कुणाचं लग्न ठरलं. तिच्या माणातली माणसं शारदाला ठाऊक नव्हती, पण ती "मग?" "मग?" करत होती. दुपारी सायलीनं मागच्या बाजूलाच पिठलं-भाकरी आणली. शेखरला दोनदा फोन आले. दोन्ही वेळा तो बोलून परत येऊन उभा राहिला. तिसऱ्यांदा आला तेव्हा त्यानं घाणेरीचं एक झुडूप धरून उपटलं. हाताला काटे लागले, तसा कोंडाजी म्हणाला, "बुडातून धर."

दिवस कलला तेव्हा कुदळीचा आवाज बदलला. इतका वेळ खणखण वाजत होती, ती आता धप् करून रुतली. विठ्ठलरावानं ढेकूळ उचलून कोंडाजीच्या हातात दिलं. काळं, ओलसर. कोंडाजीनं ते मुठीत चेपलं. चेपून फुटलं, तरी मूठ उघडेना.

"जांभळीच्या खाचराचं टोक हितवर यायचं," रंभाबाई म्हणाली.

मेथी-कोथिंबिरीचे दोन वाफे होतील एवढीच जागा मोकळी झाली होती. बाकी राडा अजून तसाच होता. विठ्ठलरावानं हातपाय धुतले, टोपी झटकली आणि कुदळ फडक्यात गुंडाळायला घेतली.

"चला पाव्हनं. येतो. फिटली सावड."

"फिटली?" कोंडाजी भिंतीला टेकून उभा होता. पाठ मोडली होती, श्वास लागला होता, तोंडावर धूळ. "कशी फिटली, इठ्ठलराव? मी तीन दिस आलोतो. तुमी येकच आलाय."

शारदा खळखळून हसली. "मोजून ठिवलंत व्हय, दादा?"

"मग? सावड हाय ती."

विठ्ठलरावानं त्याच्याकडं पाहिलं, मग उरलेल्या राड्याकडं पाहिलं. गुंडाळलेलं फडकं त्यानं सोडलं, कुदळ भिंतीला टेकवून ठेवली आणि नुसतंच घमेलं घेऊन गाडीकडं निघाला.